मध्ये रिले घाला

नगरच्या नागापूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, पॅनेलवाले काका तिथे असतातच. खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. जिल्हा अहिल्यानगर झाला तरी त्यांच्या बिलावर अजून अहमदनगरच आहे, कारण जुनं बिलबुक संपलेलं नाही. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. तेव्हापासून या जिल्ह्यात बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी कुणाची तरी धावपळ ठरलेली. हल्ली ती कारखान्यांची पॅनेलं करणाऱ्या काकांची.

काकांचं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं : मध्ये रिले घाला.

नवा इंजिनिअर आपल्या 5 व्होल्टच्या बोर्डाची वायर थेट पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, इनपुटला जोडतो. बत्ती पेटत नाही. तो प्रोग्रॅम तपासतो, लॅपटॉप बंद करून चालू करतो. काका मागे उभं राहून चहा संपवतात.

"साहेब, मीटर लावा की. पाचच आले ना? हा गडी 24 चा. 15 च्या वर गेलं तर 'आहे', 5 पर्यंत 'नाही'. मधे त्याची मर्जी."

"मग बोर्डालाच 24 देऊ?"

"द्या. आधी त्याचा फोटो तेवढा काढून ठेवा. हार मी आणतो."

साधा लिमिट स्विच असला तर काका शांत. त्याला स्वतःचं व्होल्टेज नसतं. एका टोकाला 24 द्यायचे, दुसरं टोक इनपुटला, विषय संपला. पण बोर्ड स्वतःचे 5 व्होल्ट घेऊन आला की काका रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, काढतात. छोट्या रिलेच्या कॉइललाही 70 मिलिअँपच्या आसपास लागतात, बोर्डाच्या पिनला ते झेपत नाहीत. म्हणून आधी ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा डायोड. रिले 'टक्' करतो, त्याच्या कॉन्टॅक्टमधून 24 इनपुटला जातात, आणि काकांचा चेहरा खुलतो.

घरीही हीच वायरिंग. धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलंय, बोलणं पुतण्यामार्फत चालतं. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला की मामांना पुढे करतात. "सरळ जोडलं की एकाचा शॉर्ट दुसऱ्याला लागतो," हे त्यांचं मत पॅनेलला आणि पाहुण्यांना सारखंच लागू.

एकदाच अडलं. सेकंदाला शंभर पल्स मोजायचे होते. रिलेला चालू-बंद व्हायलाच काही मिलिसेकंद लागतात. तो नुसता फडफडला. इंजिनिअरने ऑप्टोकपलर काढला. आत एका बाजूला एलईडी, समोर उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर. वायरीचा संबंध नाही, निरोप उजेडाचा. काका बराच वेळ बघत राहिले.

"आवाज येत नाही. मग काम झालं हे कळायचं कसं?"

ऑप्टो बसला, मोजणी बरोबर आली. शेजारी काकांनी आपला एक रिले लावलाच. मशीन चालू झालं की तो एकदा 'टक्' करतो.

"हा काय काम करतो?"

"मला कळवतो."

इंजिनिअर लोक हसतात. पण हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. पीएलसीचं इनपुट कार्ड जळालं तर हजारोंना फोडणी, शिवाय बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. रिले जळाला तर शे-दोनशे रुपये आणि पाच मिनिटं. तेव्हा काकांवर हवं तेवढं हसा; पॅनेल मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या.