टोकियोत स्थिरावण्याची कार्यपद्धती

टोकियोत स्थिरावण्याची सुरुवात विमानतळावर होते आणि ती फसवी असते. नारिता किंवा हानेदाला पासपोर्टावर शिक्का बसतो न बसतो तोच नवागताच्या हातात निवासपत्र पडते. फोटो, नाव, व्हिसाचा प्रकार, सगळे छापून तयार. रेशनकार्डावरचे आडनाव दुरुस्त करून घेण्यासाठी तहसील कचेरीत चार खेपा घातलेल्या माणसाचा इथे समज होतो की या देशात सगळेच असे चालत असणार. हा समज उतरवायला फार वेळ लागत नाही.

निवासपत्रावर पत्त्याची जागा कोरी असते. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत आपल्या प्रभागाच्या कार्यालयात जाऊन ती भरून घ्यावी लागते. टोकियोत असे 23 विशेष प्रभाग आहेत, आणि त्यांच्या कार्यालयाला 'कुयाकुशो' म्हणतात. पण पत्ता येण्यासाठी घर लागते, घरमालकाला फोन नंबर लागतो, फोनवाल्याला बँकेचे खाते लागते आणि बँकेला पत्ता लागतो. या वर्तुळात कुठून शिरावे याचा शास्त्रशुद्ध मार्ग अजून सापडलेला नाही. बहुतेक जण कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्याचा नंबर देऊन शिरतात, आणि त्या सहकाऱ्याला पुढे दोन वर्षे भलत्यांच्याच पार्सलांचे फोन येत राहतात.

अर्जावर नाव लिहिणे ही स्वतंत्र विद्या आहे. मराठी माणसाच्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला बहुधा वडिलांचे नाव चिकटलेले असते. निवासपत्रावर ते तसेच उतरते, आणि दवाखान्यातली परिचारिका नेमके वडिलांच्या नावाने पुकारा करते. असा पुकारा झाला की मुकाट्याने उठावे. वडील रत्नागिरीला असतात हे समजावत बसू नये. त्यानंतर येते परक्या शब्दांसाठीची कताकाना लिपी. तीत 'ल' नाही, 'ळ'चा तर प्रश्नच नाही, आणि एक अनुनासिक सोडले तर कोणतेही व्यंजन स्वराचा हात धरल्याशिवाय उभे राहत नाही. त्यामुळे कुलकर्णींचे कुरुकारुनि होतात, देशपांड्यांचे देशुपांदे आणि लेल्यांचे रेरे. लेल्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. नावाचा शिक्का, म्हणजे 'हांको', करंगळीच्या पेराएवढा असतो. त्यावर रेरे ऐसपैस बसतात, कुरुकारुनि मात्र चेंगरतात. सरकारी अर्जांवरची शिक्क्याची सक्ती 2020 पासून बहुतांशी उठली आहे, तरीही शिक्का करून ठेवावा. तो कधी लागेल हे सांगता येत नाही, आणि लागतो तेव्हा त्याच दिवशी लागतो.

तारखेच्या रकान्यात बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष अपेक्षित असते. सध्याचे 'रेइवा' पर्व 1 मे 2019 ला सुरू झाले, म्हणून इसवी सनातून 2018 वजा करावेत. जन्मसालाला वेगळा हिशेब: 1985 मध्ये जन्मलेला गृहस्थ शोवा 60 चा. कालनिर्णयाच्या एकाच पानावर शके, संवत आणि हिजरी पाहत मोठे झालेल्यांना यात अवघड काही वाटू नये. वाटते, कारण ती पाने आपण फक्त चतुर्थी कधी आहे ते बघायला उलटलेली असतात.

घर शोधताना क्षेत्रफळ चटयांत मोजले जाते. एक तातामी चटई साधारण 1.6 चौरस मीटरची, म्हणजे सहा चटयांची खोली जेमतेम दहा चौरस मीटरची. माजघरात किती पाने बसतील यावरून घर जोखणाऱ्यांच्या नातवंडांना हे माप लवकर पटते. पटत नाही ते 'रेइकिन'. शिकिकिन म्हणजे अनामत, ती निदान काही अंशी परत येते. रेइकिन म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाला वाहिलेली कृतज्ञता, बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी, आणि कृतज्ञता परत मागायची नसते. मुंबईकरांना पागडी आठवते. पण पागडी देणाऱ्याच्या तीन पिढ्या निदान त्या खोलीत काढतात. इथे दोन वर्षांनी करार नवा करायचा म्हणून पुन्हा पैसे लागतात. यावर दलाली आणि हमीदार कंपनीचे शुल्क चढले की पहिल्या महिन्यात चार-पाच महिन्यांचे भाडे गेलेले असते. खोली पाहायला गेल्यावर सूर्यप्रकाशाआधी इमारतीचे वय विचारावे. जून 1981 पासून भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले, त्याआधीची इमारत स्वस्त पडते. का, ते विचारू नये.

रेइकिन आणि हमीदार दोन्ही टाळायचे असतील, तर यूआर या निमसरकारी संस्थेची भाड्याची घरे आहेत. एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाई भागात भारतीयांची वस्ती वाढली ती बरीचशी या घरांमुळे, आणि तिथून तोझाई मार्गाची गाडी थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपाशी सोडते म्हणून. 2000 सालच्या संगणकी घबराटीच्या सुमारास आलेले अभियंते इथे उतरले आणि त्यांच्यामागोमाग तूरडाळही उतरली. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस याच प्रभागाच्या सभेवर निवडून गेला. निशी-कासाईत राहणे हा स्थिरावण्याचा सोपा मार्ग मानला जातो. मात्र तिथे कोथिंबीर मिळते म्हणून जपानी शिकायचे राहून गेलेल्यांची संख्याही लक्षणीय आहे.

सामान लागल्यावर शेजाऱ्यांना भेटण्याची प्रथा आहे. जुन्या रीतीने समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची एकेक अशा पाच घरी टॉवेल, साबण असली किरकोळ भेट द्यायची. नवागताने भेटीदाखल बेसनाचे लाडू नेऊ नयेत. लाडू दिला की समोरच्याला परतफेडीची भेट द्यावी लागते, तिच्यावर उतारा म्हणून आपल्याला चकली न्यावी लागते, आणि दोन्ही घरांचा सुखाचा एकांत संपतो. टॉवेल पुरे.

शेजाऱ्यांची पुढची गाठ कागदावर पडते. टोकियोत तक्रार तोंडावर करत नाहीत. ती इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीकडे जाते आणि कंपनी प्रत्येकाच्या टपालपेटीत एक सौम्य पत्रक टाकते: अलीकडे काही रहिवाशांनी सकाळच्या वेळी शिट्टीसारखा आवाज ऐकल्याचे कळवले आहे, तरी सर्वांनी कृपया काळजी घ्यावी. पत्रक चाळीस घरांना आलेले असते. कुकर एकाच घरात असतो. पत्रकात कुणाचे नाव नाही म्हणून निश्चिंत होणे ही नवशिक्याची चूक. अनुभवी माणूस त्याच दिवशी कुकरखाली घडी घातलेला टॉवेल ठेवतो (शेजाऱ्यांना देऊन उरलेला), शिट्टीऐवजी वाफेवर डाळ शिजवायला शिकतो आणि हिंगाची फोडणी शनिवारी दुपारी उरकतो, कारण इतर दिवशी वरच्या गॅलरीत गाद्या वाळत असतात.

मात्र माणूस स्थिरावला की नाही याचा खरा निकाल लागतो तो कचऱ्यावर. व्हिसाचे नूतनीकरण, भाषेची परीक्षा, पगारवाढ ही सगळी पूरक प्रमाणपत्रे. जळणारा कचरा साधारणपणे आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. वार आणि तपशील प्रभागाप्रमाणे बदलतात, आणि घर दोन गल्ल्या पलीकडे हलवले तरी वार नव्याने पाठ करावे लागतात. पिशवी सकाळी आठच्या आत, ठरल्या कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली. आदल्या रात्री ठेवायची नाही. टोकियोचे कावळे पितृपक्षाची वाट पाहत नाहीत.

पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीचे पुढीलप्रमाणे संस्कार होतात. झाकण काढणे. अंगावरचे वेष्टन सोलणे. आतून विसळणे. चपटी करणे. मग बाटली एकीकडे, झाकण आणि वेष्टन दुसरीकडे. दुधाचा खोका धुऊन, कापून, उलगडून, वाळवून द्यावा. वर्तमानपत्रे दोरीने आडवी-उभी बांधावीत. लोणच्याची बरणी काचेची, म्हणजे पुनर्वापरात. पण तिच्या बुडाशी बसलेली खाराची हळद निघता निघत नाही, आणि ती बरणी घासता घासता कैरीचे लोणचे घरी घालण्याची हौस कायमची फिटते. दिवाळीत तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतणे हा अपराध. त्यासाठी दुकानात एक भुकटी मिळते; गरम तेलात ती ढवळून ठेवली की थंड झाल्यावर तेलाची वडी पडते. ही वडी कढईतून अखंड निघते. चकली मोडली पण वडी अखंड निघाली, अशी दिवाळी टोकियोत यशस्वी समजली जाते.

चुकलेली पिशवी उचलत नाहीत. तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवतात आणि ती तिथेच, जाळीखाली, एकटी राहते. पिशवी पारदर्शक असते. आतून बाकरवडीचे रिकामे पाकीट रस्त्याकडे तोंड करून असते. संध्याकाळी कामावरून परतणारा प्रत्येक शेजारी तिच्याकडे न बघता पुढे जातो, आणि ते न बघणे दुरूनही ओळखू येते. अशा वेळी अंधार पडण्याची वाट पाहून पिशवी आत आणावी, पुन्हा वेगळी करावी आणि कुणाजवळही विषय काढू नये. पहिल्या वर्षी असे तीन-चारदा घडणे सामान्य आहे.

रस्त्यावर कचरापेटी शोधण्यात वेळ घालवू नये. 20 मार्च 1995 ला भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक पेट्या भराभर निघाल्या आणि फारशा परतल्या नाहीत. केळे खाल्ले तर साल घरापर्यंत सोबत येते.

भूकंपाचे प्रशिक्षण आपोआप मिळते. जपानी मोजणी दोन प्रकारची: भूकंपाचे बळ वेगळे आणि आपण उभे आहोत तिथे किती हलले ते वेगळे. हे दुसरे माप, 'शिंदो', शून्यापासून सातपर्यंत जाते आणि पाच व सहाचे प्रत्येकी दोन भाग असल्याने एकूण पायऱ्या दहा होतात. शिंदो तीनला नवागत जिन्याकडे धावतो. जुना माणूस भिंतीवरच्या दिव्याकडे बघतो आणि जेवण चालू ठेवतो. पाचच्या आसपास गॅसचा मीटर स्वतःहून पुरवठा तोडतो. त्यावरचे बटण दाबून तीनेक मिनिटे थांबायचे असते, आणि ही कृती बऱ्याच जणांना पहिला भूकंप होऊन गेल्यावर, फ्लॅटबाहेरच्या अरुंद लोखंडी कपाटात डोके घालून, मोबाइलच्या उजेडात कळते. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास कर्ण्यांवर एक संथ धून वाजते, पुष्कळ ठिकाणी 'युयाके कोयाके' या जुन्या बालगीताची. पोरांनी घरी जावे हा तिचा वरवरचा अर्थ. आपत्तीच्या वेळी लागणारे कर्णे चालू आहेत ना, ही त्यातली मेख. घराची आठवण यायला ती धून पुरेशी असते, म्हणून त्या वेळी शक्यतो चहा टाकावा.

रेल्वेबद्दल मुंबईकरांना सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि नेमके तेच त्यांना येत नाही. गर्दी विरार गाडीच्या तोडीची, पण तिच्यात आवाज नाही. 'जरा सरकून घ्या', 'उतरायचंय का?' ही संभाषणे होत नाहीत. पाठपिशवी पोटावर घ्यायची आणि सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभे राहायचे. गाडीला उशीर झाला तर स्थानकावर उशिराचा दाखला मिळतो. नोव्हेंबर 2017 मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी 20 सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. ही बातमी गावाकडच्या मंडळींना सांगून उपयोग नाही. त्यांना ती फुशारकी वाटते.

भाषा मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचा प्रत्यय नामामागून येतो, आणि वाक्याच्या टोकाला लावलेला 'ने' हा आपला 'ना'च. अडचण नकाराची आहे. 'चोत्तो' म्हणजे 'थोडेसे'. पण कुणी 'चोत्तो…' म्हणून मान किंचित वाकडी केली आणि वाक्य हवेत सोडून दिले, तर काम होणार नाही, कधीच होणार नाही, आणि पुन्हा विचारू नये. उरलेले वाक्य ऐकण्यासाठी पुण्याचा माणूस थांबून राहतो, कारण त्याच्या गावात नकार दारावर रंगवून, खाली आदेशावरून असे लिहिण्याची पद्धत आहे. तसेच 'सान' दुसऱ्याच्या नावाला लावावे, स्वतःच्या नव्हे. 'मी जोशीसान' म्हणणे म्हणजे 'मी जोशीसाहेब बोलतोय' म्हणण्यासारखेच. फरक इतकाच की इथे कुणी हसत नाही.

स्थिरावल्याची लक्षणे साधारण तिसऱ्या वर्षी दिसू लागतात. फोनवर बोलताना, समोर कुणी नसताना, कंबरेतून वाकणे हे पहिले. चुकीच्या वारी ठेवलेली दुसऱ्याची पिशवी पाहून जीव कासावीस होणे हे दुसरे. या अवस्थेत पोचलेला गृहस्थ खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या नागपूरच्या जोडप्याला स्वतःहून काही सांगत नाही. तो व्यवस्थापन कंपनीला फोन करतो, आणि दोन दिवसांनी चाळीस टपालपेट्यांत पत्रक पडते.

परत जाण्याची वेळ आल्यास घरमालकाला बहुधा एक महिना आधी कळवावे, प्रभाग कार्यालयात जाऊन नाव काढावे, भिंतीवरचे गणपतीचे कॅलेंडर उतरवून खिळ्याचे भोक तपासावे. 30 सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू 'सोदाइ गोमी', म्हणजे अवजड कचरा, ठरते. तिच्यासाठी आधी नोंदणी करून तारीख घ्यावी लागते, 200 आणि 300 येनची चिकटपत्रे विकत घेऊन वस्तूवर लावावी लागतात, आणि मार्चमध्ये सगळे शहरच घरे बदलत असल्याने ती तारीख अनेकदा विमानाच्या तारखेनंतरची मिळते. म्हणून सोफा घेऊ नये.