निर्भीक, पण सवडीने

दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर बायकांच्या सुरक्षेचा विचार झाला म्हणे. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीतून ‘निर्भीक’ अवतरलं: .३२ बोअरचं, जेमतेम अर्ध्या किलोचं, पर्समध्ये मावणारं रिव्हॉल्वर. किंमत तेव्हा फक्त सव्वा लाखाच्या आसपास! रस्त्यावर दिवे लावण्यापेक्षा हे सोपं. शिवाय दागिन्यासारखं मरून रंगाच्या डबीत आलं, म्हणजे रुखवतात मांडायलाही हरकत नाही.

आता उरला परवाना. अर्ज करा, जिवाला धोका आहे हे साहेबांना पटवून द्या, पोलीस चौकशीला येतील त्याची वाट बघा. तोवर हल्लेखोराने कृपया धीर धरावा. आणि बसला लटकून नोकरी गाठणारीने एवढंच ठरवावं, की वर्षाचा पगार कानपूरला धाडायचा, का घरभाडं भरायचं.