आजोबा, सुट्या भागांत

साखरेचे डॉक्टर सोमवारी. हृदयाचे गुरुवारी. किडनीचे, नंबर लागेल तेव्हा. गुडघेवाले म्हणतात, वजन उतरवा. हृदयवाले म्हणतात, जास्त दगदग नको. प्रत्येकाच्या फाइलमध्ये आजोबांचा एकेक अवयव. मग आख्खे आजोबा कुणाकडे?

बाहेर बाकावर. नंबरची वाट बघत.

वाढत्या वयातल्या आरोग्याची माहिती घेणाऱ्या, केंद्र सरकारच्या ‘लासी’ पाहणीचा अहवाल २०२१ मध्ये आला. साठी ओलांडलेल्यांपैकी साधारण २३ टक्के लोकांना एकाहून अधिक जुनाट आजार. मोजले ते निदान झालेले आजार. ज्यांनी कधी तपासूनच घेतलं नाही, ते अर्थातच ठणठणीत!

आता गोळ्यांची गंमत बघा. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते. काहींच्या घोट्यांना तिने सूज येते. सूज दिसली, की लघवीची गोळी. तिने युरिक अ‍ॅसिड वाढतं, अंगठा ठणकतो, म्हणून तिसरी गोळी. मधल्या काळात दुखणं थांबवायला मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीशिवाय, डायक्लोफिनॅक. ते किडनीला त्रास देऊ शकतं आणि रक्तदाबही वाढवू शकतं. रक्तदाब वाढला? मग पहिल्या गोळीचा डोस वाढवा.

आजार एकच होता. बाकीचे मेडिकलमधून आले.

वेळापत्रक तर विचारूच नका. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, साखरेची जेवणासोबत, कोलेस्टेरॉलची रात्री. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, असं कोण म्हणालं?

पथ्याचं तेच. साखरेमुळे गोड बंद. रक्तदाबामुळे लोणचं-पापड बंद. किडनी बिघडून पोटॅशियम चढलेलं, म्हणून शहाळं बंद. आणि बघायला येणारे पाहुणे न चुकता काय आणतात?

शहाळं.

सरकारलाही काळजी आहे हो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण. छानच. फक्त ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दर महिन्याच्या गोळ्यांचं बिल आजोबांनी पेन्शनमधून भागवावं. लाभ हवा असेल, तर आधी नीट आजारी पडा!

बाळांचे डॉक्टर गावोगाव सापडतात. म्हाताऱ्यांचे? मद्रास मेडिकल कॉलेजने वृद्धोपचारातली एमडी १९९६ मध्ये सुरू केली. आज तुमच्या तालुक्यात असा एक तरी डॉक्टर दाखवा.

त्यांच्याऐवजी आपल्याकडे फुकटचं निदान आहे: ‘या वयात चालायचंच.’ चक्कर आली, चालायचंच. तोल गेला, चालायचंच. आठव्या गोळीनंतर सुरू झालेली चक्कर वयाच्या खात्यावर कशी जमा होते?

तेव्हा एक करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या, दुखण्याच्या, अगदी कुणीतरी सांगितलेल्या चूर्णासकट, एका पिशवीत भरा. ती फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि विचारा, ‘यातली कुठली बंद करता येईल?’ स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका. ते जिवावर बेतू शकतं.

आणि या प्रश्नावर डॉक्टर चिडले तर?

गोळ्या राहू द्या. डॉक्टर बदला.