कंपनीचा रंग

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात अद्यापि असे काही मराठी गृहस्थ आहेत, की ज्यांच्या वाड्याचा गिलावा, दिवाणखान्यातील झुंबराचे लोलक आणि शिंदे सरकारांच्या दरबारातला मानपान यांपैकी काय गळाले व काय शिल्लक राहिले याची विचारपूस केली तरी ते शांत असतात. परंतु दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या रंगाविषयी कोणी अवाक्षर काढले, की ते सावरून बसतात आणि ‘रंग कंपनीचा आहे’ हा फैसला, अपिलाची तरतूद न ठेवता, सुनावतात. सोयीसाठी आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू.

माधवराव महाराजांनी 1905 साली सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात, वाहनकरातील निम्म्या सवलतीचा योग साधून, भाऊसाहेबांनी ही रुपेरी मोटार खरेदी केली. परंतु वाड्याचा दरवाजा घोडा आणि पालखी यांच्या मापाने बांधलेला असल्यामुळे तिला आत प्रवेश मिळाला नाही, दरवाजा रुंद करण्याची तजवीज भाऊबंदांच्या संमतीअभावी तहकूब राहिली, आणि मोटार गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर उभी राहिली ती कायमचीच. कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांवर पारदर्शक कवच चढवून ते सुमारे 140 अंशांच्या भट्टीत भाजतात. सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी. या दशांशावर भाऊसाहेबांची अब्रू उभी आहे. कारखान्याने अर्ध्या तासात आटोपलेले भाजण्याचे काम, वैशाखात 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या येथल्या उन्हाने पुढे वीस वर्षे बिनपगारी चालविले, तेव्हा छत, बॉनेट आणि डिकी, म्हणजे जे जे आकाशाकडे तोंड करून होते ते ते, पांढरे पडले, त्यावरील कवचाला चिरा गेल्या आणि चिरांतून पाणी शिरून पापुद्रे सुटू लागले.

भाऊसाहेब रोज सकाळी, स्नानसंध्या आटोपल्यावर, सुटलेली कड अंगठ्याने हळूच दाबून बसवितात. ती अर्थातच बसत नाही. गळालेला पापुद्रा ते टाकीत नाहीत. नोंदणीपुस्तकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात असे दोनचार पापुद्रे पुराव्यादाखल जपून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत.

एकदा वहिनींच्या आग्रहावरून रंगारी बोलावला गेला. त्याने बॉनेटवर नख फिरवून निदान केले, “बाबूजी, क्लियर छूट गया है, अब पॉलिश से कुछ नहीं होगा. घिसाई करनी पड़ेगी.” घिसाईचे नाव निघताच भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. “अरे भई, ये कंपनी का है!” त्यावर तो सत्यवचनी मनुष्य उत्तरला, “कंपनी तो उड़ गई बाबूजी, अस्तर बचा है.” त्यास चहा पाजून निरोप देण्यात आला. मागाहून पुण्याच्या पुतण्याने वरून रंगीत फिल्म चिकटविण्याची युक्ती सुचविली. सुटत्या पापुद्र्यावर फिल्म धरणार नाही आणि काढताना उरलासुरला रंगही घेऊन जाईल, हे भाऊसाहेबांनी त्यास पटवून दिले. या एका प्रश्नी ते पूर्णपणे बरोबर होते, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

त्यांच्या हट्टामागे तर्क नाही असेही नव्हे. जुन्या मोटारींचा जाणता गिऱ्हाईक यंत्र लावून रंगाची जाडी मोजतो, आणि ती जास्त भरली की गाडी कोठेतरी ठोकली असावी असा संशय घेऊन किंमत पाडतो. मोटार विकावयाची नाही, हेही भाऊसाहेब त्याच दमात सांगतात. शिवाय, मध्यप्रदेशाच्या परिवहन आयुक्तांचे मुख्यालय याच शहरी असल्यामुळे कायद्यावरील त्यांची निष्ठा शेजारधर्माची आहे: रंग बदलल्यास दफ्तरी इत्तिला देऊन नोंद करवून घ्यावी लागते, हे ते प्रत्येकास बजावतात, तोच रुपेरी रंग पुन्हा देण्यास कोणाच्याही हुकुमाची गरज नाही, ही गोष्ट मात्र त्यांच्या मुलाहिज्यात आजवर आलेली नाही. पंधरा वर्षांची मुदत संपून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढली, तेव्हा तो शिक्का त्यांनी रंगाच्या निर्दोषत्वाचा दाखला मानला.

ग्वाल्हेरच्या उन्हात मोटार बाळगणाऱ्या वाचकांस विनंती अशी, की छतावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसताच, कवच घट्ट आहे त्या कडेपर्यंत वॉटर पेपरने घासवून, त्याच हिवाळ्यात तो पत्रा संपूर्ण रंगवून घ्यावा. गंज चढला की पेंटरचे काम डेंटरकडे जाते आणि बिल त्याच्या हिशेबाने येते. मात्र रंगविलेली मोटार घेऊन दौलतगंजातून जाणे झाल्यास भाऊसाहेबांसमोर थांबू नये. तुम्हांस अपघात झाला होता असे ते गृहीत धरतील, आणि प्रकृतीची चौकशी करतील.