श्रीमान पालक व पाल्य अधिनियम साहेबांस, कसालहून खुले पत्र

प्रति,
श्रीमान पालक व पाल्य अधिनियम (जन्म १८९०),
मुक्काम : देशातली यच्चयावत जिल्हा न्यायालये

सप्रेम नमस्कार, वि. वि.

साष्टांगच घातला असता, पण आम्ही कसालचे किरिस्ताव. आम्हाला गुडघ्यांवर येण्याची सवय. तेवढं गोड मानून घ्यावं.

आपली तब्येत ठणठणीत असल्याचं कळलं. आपले थोरले बंधू, १८६० सालचे भारतीय दंड संहिता, २०२४ च्या १ जुलैला निवृत्त झाले. आपण मात्र व्हिक्टोरिया राणीच्या वेळेपासून एका खुर्चीवर आहात. देव आपल्याला आणखी आयुष्य देवो. नाही दिलं तरी आमचं काही म्हणणं नाही.

पत्राला निमित्त माझी भाची. ती नि जावई कॅनडात असतात. पारपत्र दोघांचंही भारतीय, आणि भारतातलंच मूल दत्तक घ्यायला निघालेत. इथले काही कागद गोळा करताना कसालच्या तिठ्यावर एक वकीलसाहेब भेटले. चहाचा घोट घेत म्हणाले, "ख्रिश्चनांना दत्तक कुठे मिळतं? फार तर गार्डियनशिप." आपलं नाव त्यांनी अशा काही आदराने उच्चारलं, की मला भरून आलं. आपले इतके उपकार आमच्या घरावर असताना आभाराचं साधं पोस्टकार्डही गेलेलं नाही, हे बरं दिसत नाही.

पहिले आभार माझ्या काकांच्या वतीने. ऐंशीच्या दशकात काकांनी मुंबईच्या एका संस्थेतून मुलगी आणली. काका बोटीवर, काकी घरी, दोघांचा पाळणा रिकामा. आपण त्यांची चौकशी केलीत, मिळकत पाहिलीत, चारित्र्य पारखलंत आणि काकांना पालक नेमलंत. आईबाप नेमण्याची सोय आपल्याकडे नव्हती, त्याला आपण तरी काय करणार? शेजारच्या घरात १९५६ च्या कायद्याने दत्तक झालं, तर मूल त्याच घरात जन्मल्यासारखं. तो कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांसाठी. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, ज्यू सगळे आपल्या पदरात. एवढा मोठा पदर कुणाचा असतो?

कोर्टातून घरी आल्यावर काकांनी काकीला सगळं समजावून सांगितलं. ती पेजेत मीठ घालत म्हणाली, "कोर्टान काय लिवलां तां माका सांगा नको. चेडू माजां." बाई अशिक्षित होती, क्षमा असावी.

आपल्या कलम २६ चे आभार तर वेगळे मानायला हवेत. पाल्याला न्यायालयाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर आधी परवानगी. अक्षरशः वाचलं, तर मे महिन्यात पोरीला आंबे खायला मुंबईहून कसालला आणणं हीसुद्धा विचारून करायची गोष्ट. काकांनी कधी विचारलं नाही. ते एसटीचं तिकीट काढायचे आणि यायचे. कलम ४४ प्रमाणे न्यायालयाला चुकवून मूल हद्दीपार नेलं, तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. हे वाचल्यापासून मला संत योसेफांची काळजी लागून राहिली आहे. पोटचं नसलेलं बाळ घेऊन रातोरात इजिप्तला गेले. ना अर्ज, ना जामीन. आणि हद्दीचे मालक हेरोद राजे! आपण तेव्हा नव्हतात, म्हणून आमचा धर्म वाचला.

तसं पाहिलं, तर आमचा धर्मच आपल्या खात्यात बसत नाही. मोशेला नाईलमधून उचललं फारोच्या लेकीने, म्हणजे परदेशी बाईने. गृहचौकशी न होताच ती मोकळी झाली. वर मुलाच्या खऱ्या आईलाच पगारी दाई ठेवली. एस्तेरला वाढवलं चुलतभावाने. संत पौल तर रोमकरांना लिहून बसले, की आपण सगळीच देवाची दत्तक लेकरं. आपल्या कायद्याने पाहू गेल्यास आम्ही फार तर देवाचे पाल्य, तेही वय होईपर्यंत.

चर्चकडे तक्रार न्यावी, तर तिथेही आपला वशिला. १९८३ च्या कॅनन लॉचं ११० वं कलम दत्तक मुलाला दत्तक घेणाऱ्यांचंच मूल मानतं, पण अट अशी, की दत्तक मुलकी कायद्याने झालेलं असावं. आमच्यापुरता मुलकी कायदा म्हणजे तेव्हा आपणच. एवढ्या दूर रोमपर्यंत आपला हात पोचतो, हे आम्हा खेडवळांना ठाऊक नव्हतं.

आता ज्यासाठी खास लेखणी उचलली, ते आभार. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्राने कामं होतात, ही आशा मला तिथूनच लागली. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर सविस्तर नियम घालून दिले. मुलांची बाजारपेठ होऊ नये म्हणून ते हवेच होते. त्यात परदेशी जोडप्यासाठी रस्ता आखला तो आपल्याच दारातून : आधी इथे पालकत्व घ्यायचं, मूल घेऊन मायदेशी जायचं आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या कायद्याने ते रीतसर दत्तक घ्यायचं.

म्हणजे पाहा हं. आपल्या दारात एका रांगेत दोन जोडपी उभी. एक स्वीडनचं, एक कसालचं. दोघांना आपण एकच कागद दिलात. स्वीडनचं जोडपं विमानात बसलं आणि दोन वर्षांत आईबाप झालं. माझे काका एसटीत बसले आणि पालकचे पालकच राहिले. स्वतःच्या गावात परक्याइतकीच वागणूक मिळणं आम्ही समजू शकलो असतो. परक्याहून कमी मिळणं हा खरा बहुमान, आणि तो केवळ आपल्यामुळे लाभला. काकांनी बोटीवर आयुष्य काढलं, अर्धं जग पाहिलं, पण स्टॉकहोमला उतरून स्थायिक होण्याची अक्कल त्यांना सुचली नाही.

काकांच्या या लेकीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, एकविसाव्या वाढदिवसाचेही आभार. तेव्हा न्यायालयाने पालक नेमलेलं मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. त्या दिवशी घरात केक कापला गेला आणि आपल्या लेखी काकांची नेमणूक संपली. त्याआधी तिचं लग्न झालं असतं, तर कलम ४१ ने लग्नातच संपली असती. बाप म्हणून लेकीचा हात धरून वेदीपाशी न्यायचं आणि परतताना पदमुक्त व्हायचं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या नोकरीत नाही.

काका गेले, आणि मग आपल्या कृपेची खरी बरसात झाली. त्यांनी इच्छापत्र केलं नव्हतं. लेक असताना इच्छापत्र कशाला, असा त्यांचा साधा समज. काकी आणि बहीण वारस नोंद करायला तलाठ्यांकडे गेल्या. भाऊसाहेब भले गृहस्थ. त्यांनी बसायला खुर्ची दिली, आपला कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यात मुलगी कुठे आहे?" बहीण समोरच बसली होती. गाव नमुना सहा-कच्या रकान्यात तिला ठेवायला जागा नव्हती. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ नसलेल्या ख्रिस्ती माणसाची अर्धी मालमत्ता विधवेला आणि अर्धी रक्ताच्या नातलगांना. रक्ताचे नातलग म्हणजे माझे वडील.

ज्या नारळीच्या मुळात त्यांनी जन्मात कळशीभर पाणी ओतलं नाही, त्या बागेत आपण त्यांना अर्धे मालक केलंत. बहिणीने तीच बाग दर मे महिन्याच्या सुट्टीत शिंपलेली. वडिलांना मालकी झेपेना. ते म्हणाले, हक्कसोड करून देतो. कळलं, की हक्कसोड सहहिस्सेदारालाच करता येते आणि बहीण तर हिस्सेदारच नाही. तेव्हा त्यांनी तिला तिच्या बापाची अर्धी बाग बक्षीसपत्राने दिली, मुद्रांक शुल्क भरून, दोन साक्षीदारांसमोर. काकी तोवर शहाणी झाली होती. तिने आपल्या अर्ध्याचं इच्छापत्र केलं आणि तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसताना आपल्यासाठीही एक प्रार्थना वाढवली. तिचा मजकूर इथे देत नाही.

आपण इतकी वर्षं टिकलात त्याचं सगळं श्रेय आपल्याला देणं मात्र अन्यायाचं होईल. १९७२ मध्ये सर्व धर्मांना लागू होईल असं दत्तक विधेयक आलं. ते १९७८ मध्ये मागे गेलं. १९८० मध्ये मुसलमानांना वगळून पुन्हा आलं, तेव्हा पारशी समाजातून हरकत निघाली आणि तेही बारगळलं. प्रत्येकाला आपापला धर्म जपायचा होता. पाळण्यातल्या पोराचा धर्म कोणता, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

काही माणसांनी आपला हेवा केलाच. २००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलोंनी एका ख्रिस्ती जोडप्याचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. बाल न्याय कायद्याने २००० मध्ये दार उघडलं, २००६ च्या दुरुस्तीने ते रुंद केलं. शबनम हाश्मींच्या याचिकेवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की कुठल्याही धर्माचा माणूस या कायद्याने मूल दत्तक घेऊ शकतो. २०१५ च्या कायद्यात तर हद्द झाली. दत्तकाचा आदेश झाला, की मूल सर्वार्थाने त्या घरचं, इच्छापत्राविना येणाऱ्या वारशासकट. तलाठी भाऊसाहेबांना चष्मा पुसायचं काम उरलं नाही.

म्हणून भाचीच्या बाबतीत आपल्याला तसदी देत नाही. तिला मूल मिळणं सोपं आहे असं नाही. दोन वर्षांखालचं मूल हवं, तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. तिथल्या अधिकृत संस्थेकडून गृहचौकशी, मग केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीत नाव, मग वर्षानुवर्षं वाट. भारत आणि कॅनडा दोघेही हेग करारात, त्यामुळे दोन्ही सरकारांची संमती हवी. सप्टेंबर २०२२ पासून आदेश न्यायाधीशांऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं अहवाल द्यायचे. भाची संत योसेफांची नोव्हेना करते आणि रोज पोर्टल उघडून यादीतला क्रमांक पाहते. तिच्या आईला दोन्हींचा निकाल संध्याकाळच्या फोनवर कळतो. आपल्या काळात प्रार्थना दोन कराव्या लागत : मूल मिळू दे, आणि मिळालेलं मूल आपलं ठरू दे. भाचीची निम्मी मेहनत वाचली.

फाइलला ओळखीच्यांची दोन शिफारसपत्रं लागतात. एक बहिणीने लिहिलं. अर्जदाराशी नातं काय, तिथे तिने 'मावशी' असं लिहून सही केली. तिठ्यावरच्या वकीलसाहेबांनी ते वाचून विचारलं, "सख्खी की चुलत?" आपल्याला कळलं असतं, तर आपण याहून खोल चौकशी केली असतीत, याची आम्हाला खात्री आहे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला कृपाभिलाषी,
कसालचा एक पुतण्या, आपल्या कृपेने काही काळ बागाईतदाराचा मुलगा

ता. क. : बक्षीसपत्राच्या मुद्रांक शुल्काची पावती सोबत जोडली आहे. रक्कम वडिलांच्या नावे मनीऑर्डरने पाठवली तरी चालेल. त्यांचे वारस आम्ही रक्ताचेच आहोत, आपल्याला अडचण येणार नाही.