सन्मान, तीन हप्त्यांत

विषमतेमुळे अमेरिकेची अब्रू गेली का, यावर तिकडचे विद्वान घसा कोरडा करतात. २००८ मध्ये सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने २००९ मध्ये अधिकाऱ्यांना साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटले. तेव्हा तिथे निदान बोंब तरी झाली.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना याचं काय कौतुक! पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१८ मध्ये इथला हिशेब मांडला होता: सोयाबीनच्या विम्यापोटी शेतकरी, राज्य आणि केंद्र मिळून जमा १७३ कोटी, पीक बुडाल्यावर वाटप ३० कोटी. शेतकरी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसले. कुणाची मान खाली गेल्याचं ऐकिवात नाही.

सरकार मात्र सन्मानाच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. २०१७ ची कर्जमाफी सन्मान योजना, २०१९ चा सन्मान निधी, २०२३ पासून राज्याचा महासन्मान. दोन्ही निधी मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे रोजचे तेहेतीस रुपयेही भरत नाहीत. तेही तीन-तीन हप्त्यांत, ई-केवायसी झाली तर. कापूस वेचून, खुरपं धरून घासलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. मग म्हातारा धोतराला बोट पुसून पुन्हा टेकवतो. सन्मान घ्यायला हवा तो हाच माणूस, एवढं तरी सिद्ध व्हायला नको?

एक रुपयातला पीकविमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा दोन टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरात गोदाकाठची पिकं पाण्याखाली गेली. मुहूर्त काढणाऱ्याला तोड नाही.