आईचं वय मोजण्याची हिंगणघाटी पद्धत

अख्खा हिंदुस्थान मोजायला निघालेला माणूस हिंगणघाटात येऊन मेला. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. 1802 साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं त्यानं साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. तेवढ्याला 57 दिवस लागले. मग अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांकरवी वाहून नेत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी 1823 मध्ये वणेकाठच्या आमच्या या गावात त्याचा मुक्काम कायमचा पडला. त्याची कबर इथंच आहे.

तो गेला, पण मोजणीची खोड गावाला लावून गेला असावा. पृथ्वी त्याच्या पुढच्यांनी मोजून संपवली, म्हणून आम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या आया मोजायला घेतल्या. लग्नाच्या पंगतीत, महालक्ष्म्यांच्या जेवणाला, पालकसभेत ही मोजणी अखंड चालू असते. "मोठी दहावीले हाये? वाटत नाही व बाई!" असं तोंडावर म्हणायचं आणि पाठ वळली की शेजारणीला कोपर मारून, "दिसते ना व, डोळ्याखाली पाह्य." एकाच बाईबद्दल दोन मिनिटांत दोन निष्कर्ष. हे शास्त्राला धरून नाही. म्हणून लोकहितार्थ ही पद्धत लिहून ठेवते आहे.

मूळ तत्त्व. वय कधीही थेट विचारू नये. लॅम्बटन डोंगर मोजायला डोंगरावर साखळी टाकत बसत नसे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हाती आले की उरलेलं गणितानं निघतं. आईचंही तसंच. एक आधाररेषा आणि दोन कोन मिळाले की पुरे.

आधाररेषा. ही आधार कार्डावरून घेऊ नये. कार्डावरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आलेली असते आणि दाखल्यावरची गुरुजींच्या सोयीनं. माझी आई कापूस वेचणीच्या दिवसांत झाली, म्हणजे दिवाळीच्या आसपास. कागदावर मात्र ती 1 जूनची आहे. तिच्या वर्गातली निम्मी मुलं 1 जूनचीच. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सुइणींची काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करवत नाही.

खरी आधाररेषा म्हणजे थोरलं लेकरू कितवीत आहे. दहावीत असेल तर पंधरा-सोळा धरा. त्यात लग्नानंतरचं एक वर्ष मिळवा. मग लग्नाच्या वेळचं वय मिळवा. इथं चूक होण्याचा संभव मोठा आहे. मुलींच्या लग्नाचं वय 1978 पासून कायद्यानं अठरा आहे, म्हणून काहीजणी सरसकट अठरा धरतात. पण बाईनं आधी बी.एड. केलं असेल, नोकरीची वाट पाहिली असेल किंवा पहिली चार स्थळं नाकारली असतील, तर आधाररेषा सहज सात-आठ वर्षांनी लांबते. त्यासाठी तिची पदवी विचारावी. पदवी सांगताना कोणी लाजत नाही.

पहिला कोन : हाक. हा भाजीबाजारात घ्यावा. बाईला किती हाका बदलून मिळाल्या, याची नोंद ठेवावी. ढोबळ क्रम असा : ताई, वहिनी, भाभी, काकू, आंटी, मावशी, माय. पण यंत्र सदोष आहे, कारण हाक वयाबरोबर बदलते तशी भावाबरोबरही बदलते. गेल्या बाजारी सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेताना माझ्यावरच प्रयोग झाला.

"घ्या न ताई, सांबार एकदम ताजा हाये."

"कसा दिला?"

"वीसची जुडी."

"दहाले दे."

त्यानं जुडी उचलून परत ढिगावर ठेवली. "नाही परवडत काकू. तुमच्या पोरीले पाठवत जा, थे भाव नाही करत."

दहा रुपयांच्या घासाघिशीत मी पंधरा वर्षांनी म्हातारी झाले. म्हणून नियम असा : हाकेची नोंद भाव ठरायच्या आधी घ्यावी. साडीच्या दुकानातली हाक मुळीच धरू नये. तिथं गादीवर बसलेली प्रत्येक बाई ताईच असते, पदराआड कवळी सावरणारीसुद्धा. सर्वांत बिनचूक माप म्हणजे स्कुटी आडवी आली की कॉलेजचं पोट्टं जे ओरडतं ते. त्याला काही विकायचं नसतं.

सरकारी हाकाही बाद समजाव्यात. 2024 च्या योजनेनं 21 पासून 65 पर्यंतच्या पात्र बायकांना महिना 1500 रुपये देऊन सरसकट बहीण करून टाकलं. भाजीवाल्याला अजून जे साधलेलं नाही, ते सरकारला साधलं. एसटीनं तर त्याआधीच कमाल केली होती. हाफ तिकीट म्हणजे पाच ते बारा वर्षांचं लेकरू, अशी आमची समजूत होती. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायका हाफ तिकिटात आल्या. वर्ध्याच्या गाडीत मी आणि माझी धाकटी आता एकाच वयाच्या आहोत. पूर्ण तिकीट फक्त तिच्या बापाला लागतं.

दुसरा कोन : हाताचं अंतर. हा सगळ्यांत भरवशाचा कोन. बाईच्या हातात औषधाची पट्टी द्यावी आणि "एक्स्पायरी पाहता का जरा?" म्हणावं. मग पट्टी डोळ्यांपासून किती लांब जाते ते नजरेनं मोजावं. वीतभर अंतरावर वाचलं तर तिशी. कोपर सरळ झालं तर चाळिशी. हात पुरेनासा झाला आणि तिनं पट्टी तुमच्याच हातात देऊन "तुमीच वाचा" म्हटलं, तर पंचेचाळीसच्या पुढे.

यात जादू नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं, जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही, म्हणून जवळची अक्षरं पुसट होतात. हे पुरुषांनाही होतं. मराठी भाषा इतकी चोख की तिनं त्या चष्म्यालाच चाळिशी म्हटलं. आपल्याकडे नुसता चष्मा लागत नाही, वय लागतं आणि तेही नाकावर. त्यामुळे चष्म्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधी बाई साधारण दोन वर्षं एकच वाक्य बोलते : "लाइट कमी आहे." सुईत दोरा जात नाही, लाइट कमी आहे. तांदळातला खडा दिसत नाही, लाइट कमी आहे. हे वाक्य दिवसा बारा वाजता ऐकू आलं तर मोजणी तिथंच पूर्ण झाली असं समजावं.

तापमानाची दुरुस्ती. पोलादी साखळी उन्हानं लांबते, म्हणून लॅम्बटन तापमान पाहून हिशेब दुरुस्त करी. हिंगणघाटात हे अधिकच गरजेचं, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या दिवसांत स्कुटीवरच्या बाईचं वय घेऊच नये. ओढणीनं कपाळापासून गळ्यापर्यंत तोंड गुंडाळलेलं, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. आत अठराची आहे की अठ्ठेचाळीसची, हे तिच्या नवऱ्यालाही गाडीचा नंबर पाहून कळतं. विदर्भाच्या उन्हानं बायकांना दिलेली ही एकमेव सवलत.

दुसरी अडचण नाजूक आहे. पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकाएकी वाफा निघतात, मानेवर घाम फुटतो, पंख्याखाली बसूनही जीव घाबरतो. दुसऱ्या गावात हे लक्षण ओळखू येतं. आमच्याकडे मे महिन्यात बाई "लय गरम होऊन राहिलं व" म्हणाली की घरातले सगळे म्हणतात, "आम्हालेही होऊन राहिलं," आणि कूलरमध्ये पाणी टाकायला तिलाच उठवतात. म्हणून हे माप डिसेंबरात घ्यावं. थंडीत पहाटे पाचला एखादी स्वेटर काढून ओसरीत उभी दिसली तर वहीत नोंद करावी. नोंद झाल्यावर तिला पाण्याचा तांब्याही द्यावा. तो मोजणीचा भाग नाही, पण द्यावा.

साबणाची दुरुस्ती. टीव्हीवर एक तरुणी दिसते, बघणारे भुलतात, तेवढ्यात एक चिमुरडी "मम्मी!" करत धावत येते. ही जाहिरात पाहत आमची अख्खी पिढी मोठी झाली. तो संतूर साबण विप्रोचा आणि विप्रो मूळची आपल्या अमळनेरची. 1945 साली तिथं वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. म्हणजे ज्या घराण्यानं आधी आयांच्या कढईत डालडासारखं तूप घातलं, त्यानंच पुढे त्यांचं वय लपवायची साबणाची वडी दिली. हिशेब चुकता. मात्र जाहिरातीतली मुलगी कधी दहावीत जात नाही, हे ध्यानात असू द्या. आधाररेषा लांबू नये म्हणून ती वर्षानुवर्षं बालवाडीतच ठेवली आहे.

पद्धतीची मर्यादा. हे सर्व बापांना लागू नाही. माझ्या नवऱ्याच्या कानशिलांवर चांदी आली तेव्हा त्याला "भारदस्त" हा शब्द मिळाला. माझी आली तेव्हा मला काळ्या मेहंदीचं पाकीट मिळालं, तेही त्याच्याच बहिणीकडून. बापाला पाहून कोणी "मोठी दहावीले? वाटत नाही जी!" म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. खुद्द लॅम्बटनला पन्नाशी उलटल्यावर मुलं झाली. तो वयाचा दिसतो का, अशी चर्चा कोणत्याही पंगतीत झाली नाही. पंगती तेव्हाही होत्या.

आणि गंमत म्हणजे त्याचं वय कुणालाच नीट ठाऊक नाही. कोणी जन्मसाल 1753 सांगतं, कोणी 1756. पृथ्वीची वक्रता काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याची मोजणी तीन वर्षांनी चुकते. त्याचेही गुरुजी 1 जूनवालेच असणार.

परवा धाकटीला शाळेतून प्रकल्प मिळाला : आपल्या गावाचा इतिहास. तिला मी लॅम्बटनची गोष्ट सांगितली आणि विल्यम हॅवेलनं 1822 साली, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षी, काढलेलं त्याचं चित्र मोबाईलवर शोधून दाखवलं.

"हा तर आजोबा दिसते," ती म्हणाली. "किती वर्षांचा होता?"

"कोणालेच पक्कं माहीत नाही."

"चित्राखाली लिहिलं असन ना. वाच न."

मी वाचायला लागले. तिनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्या सरळ झालेल्या कोपराकडे.

"मम्मी, मोबाईल एवढा दूर काऊन धरून राहिली?"

दुपारचे बारा वाजले होते. अंगणात ऊन मावत नव्हतं.

"लाइट कमी आहे," मी म्हटलं.